कंगव्यातील वीज आणि आकाशातील वीज

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची मुले-मुली विज्ञानाचे प्रयोग करण्यासाठी जमतात. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात नववीतील एक मुलगी सलग दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा वही न उघडताच तिने विचारले, "सर, पायाळू माणसावर वीज पडते का?"

तिची मावशी विदर्भातील एका खेड्यात सोयाबीन सोंगायला जात असे. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, टोळीतील बाया धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि वीज त्या बाभळीवर पडली. मावशी जागीच गेली. दोघी भाजल्या. बाकीच्यांना झटके बसले. टोळीत एक बाई जन्माने पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. ती डबे व विळे गोळा करण्यासाठी मागे राहिली होती, त्यामुळे तिला काहीच झाले नाही. गावाने मात्र असा अर्थ काढला, की वीज आली होती हिच्यासाठी आणि घेऊन गेली दुसरीला. तेव्हापासून त्या बाईला कोणतीच टोळी कामाला बोलावीत नव्हती. ऐन हंगामात तिची मजुरी बुडाली.

"नाही, पडत नाही" एवढे सांगून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण तेवढेच उत्तर घेऊन ती मुलगी गावी गेली असती, तर तिचे कोणी ऐकले नसते. 'नाही' म्हणणाऱ्याला 'मग का पडते?' हेही सांगता आले पाहिजे. म्हणून पुढचे पाच-सहा रविवार आम्ही ह्याच विषयाला दिले. त्या वर्गांत जे शिकलो व शिकविले, ते स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवीत आहोत.

घर्षणाची वीज

सुरुवात कंगव्यापासून केली. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा आठ-दहा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. पण कंगव्यात वीज 'तयार झाली' असे जे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. प्रत्येक पदार्थात धनप्रभार आणि ऋणप्रभार समसमान भरलेले असतात, म्हणून एरवी त्यांचा पत्ता लागत नाही. घासताना केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. कंगव्यावर ऋणप्रभार जास्त झाला, केसांवर तेवढाच कमी झाला. नवे काही निर्माण झाले नाही, फक्त वाटणी बिघडली. ती पुन्हा सारखी होण्याची जी ओढ असते, तीच कपटे उचलते, नायलॉनचा सदरा काढताना चटचट आवाज करते आणि अंधारात बारीक ठिणगी दाखविते.

ही ओढ माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. राळेपासून बनलेला अंबर नावाचा पिवळसर दगड घासला की हलके कण ओढतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. अंबराला ते इलेक्ट्रॉन म्हणत आणि त्यावरूनच पुढे विजेचे इंग्रजी नाव पडले. इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट ह्यांनी १६०० साली दाखविले, की हा गुण केवळ अंबराचा नाही. काच, गंधक, लाख ह्यांतही तो आहे. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे ह्यांनी ही वीज ओलसर सुताच्या दोरीवरून लांबवर नेऊन दाखविली आणि काही पदार्थ तिला वाट देतात, काही देत नाहीत, हे स्पष्ट झाले. पहिल्यांना आपण वाहक म्हणतो, दुसऱ्यांना रोधक.

१७४५-४६ च्या सुमारास ही वीज साठवून ठेवता येईल अशी काचेची बरणी निघाली. हॉलंडमधील लायडेन शहरावरून तिला लायडेन बरणी म्हणतात. फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूंनी राजासमोर १८० शिपायांना एकमेकांचे हात धरून उभे केले आणि टोकाच्या दोघांना बरणीला स्पर्श करण्यास सांगितले. सगळेच्या सगळे शिपाई एकदम उडाले. वर्गात हे सांगितल्यावर हसण्याचा मोठा फवारा उडाला. पण विचार केला तर ह्यात बरेच काही आहे. वीज माणसामाणसांतून सहज जाते, कारण आपले शरीर म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेली पिशवी आहे. एकमेकांचे हात धरलेली माणसे विजेच्या दृष्टीने एकच लांब माणूस ठरतात.

आता आकडे. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर लांबीची ठिणगी उडण्यास सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. थंडीत दाराच्या लोखंडी कडीला हात लावताना जी बारीक ठिणगी टोचते, तिच्यामागेही काही हजार व्होल्ट असतात. घरातील २३० व्होल्टने माणूस मरतो आणि हजारो व्होल्टच्या ठिणगीने नुसते 'आई गं' म्हणतो, हे कसे? कारण व्होल्ट म्हणजे उंची, पाणी नव्हे. पत्र्याच्या टोकावरून पडणारा एक थेंब आणि त्याच उंचीवरून कोसळणारा ओढा ह्यांत जो फरक, तोच येथे आहे. ठिणगीत प्रभार अत्यल्प असतो व तो क्षणात संपतो. आकाशातील विजेत उंचीही प्रचंड आणि पाणीही प्रचंड.

दुसऱ्याच रविवारी एका मुलाने अडचणीत टाकणारी शंका काढली. जुलैमध्ये कंगव्याचा प्रयोग फसतो, कारण दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो. मग आकाशातील वीज नेमकी पावसाळी हवेतच कशी कडाडते? खरे सांगायचे तर हा प्रश्न आम्हांला स्वतःला सुचला नव्हता. त्याचे उत्तर ढगाच्या पोटात आहे. तेथे जाण्यापूर्वी, कंगव्यातील आणि आकाशातील वीज एकच आहे हे कोणी व कसे ठरविले, ते पाहू.

छापखान्यातील एक माणूस

बेंजामिन फ्रँकलिन ह्यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवीत. घरात मुले पुष्कळ, त्यामुळे फ्रँकलिन ह्यांची शाळा दोनच वर्षांत सुटली. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. पुढचे सगळे शिक्षण त्यांनी स्वतः वाचून केले. चाळिशीत असताना त्यांच्या हाती घर्षणाने वीज उत्पन्न करण्याची काचेची नळी आली आणि ते त्या नादाला लागले.

१७४९ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या वहीत एक यादी केली. दोन्ही विजा प्रकाश देतात, दोघींची वाट वाकडीतिकडी असते, दोन्ही धातूंतून वाहतात, दोघींचा आवाज होतो, दोन्ही प्राणी मारतात, धातू वितळवितात, गंधकासारखा वास सोडतात. इतके गुण जुळतात. पण घर्षणाची वीज अणकुचीदार टोकाकडे ओढली जाते, हा गुण आकाशातील विजेत आहे की नाही हे मात्र माहीत नव्हते. तेव्हा प्रयोग करून पाहावा, असे त्यांनी लिहून ठेवले. आमच्या मते विज्ञान शिकणाऱ्याने ह्या यादीपाशी थोडे थांबावे. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्या एकच आहेत, असे त्यांनी म्हटले नाही. सारखेपणाची यादी संपली तेथून त्यांनी परीक्षेची सुरुवात केली.

परीक्षेची रीत त्यांनी १७५० मध्ये पत्राने इंग्लंडला कळविली. उंच ठिकाणी, जमिनीपासून विजेच्या दृष्टीने तोडलेला एक लोखंडी गज उभा करावा आणि ढग वरून जाताना त्यातून ठिणगी निघते का ते पाहावे. हे पत्र छापले गेले, फ्रान्समध्ये त्याचे भाषांतर झाले आणि १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळील मार्ली ह्या गावी दालिबार ह्यांनी उभारलेल्या सुमारे ४० फूट उंच गजातून खरोखरच ठिणग्या निघाल्या. दालिबार त्या वेळी गावात नव्हते. ठिणगी काढली ती त्यांनी राखणीस ठेवलेल्या एका निवृत्त शिपायाने, आणि ते पाहण्यासाठी गावचा धर्मगुरू पावसात धावत आला. पुस्तकांत मोठ्यांचीच नावे राहतात, म्हणून हा शिपाई आम्ही मुद्दाम वर्गात सांगितला. त्याचे नाव क्वाफिये.

फ्रँकलिन ह्यांनी स्वतः त्याच उन्हाळ्यात पतंगाचा प्रयोग केला. ओल्या दोरीला बांधलेल्या किल्लीतून त्यांना ठिणगी मिळाली. पतंगावर वीज पडली, असे जे चित्र आपल्याला दाखवितात, ते चुकीचे आहे. वीज पडली असती तर फ्रँकलिन वाचले नसते. ढगाखालच्या हवेत जी ओढ असते, तिने दोरी प्रभारित झाली, एवढेच घडले. पुढच्याच वर्षी, १७५३ च्या ऑगस्टमध्ये, रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ छपरावरील गजाला जोडलेले उपकरण पाहत असताना, गजातून उतरलेल्या विजेने ठार झाले. त्यांचा गज जमिनीला जोडलेला नव्हता. विद्यार्थी मित्रांनो, पतंगाचा अथवा गजाचा हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

वीज एकच आहे असे ठरल्यावर फ्रँकलिन ह्यांनी साधा उपाय सांगितला. घराच्या माथ्यावर टोकदार गज लावा आणि तारेने जमिनीत खोल न्या. हा उपाय त्यांनी १७५३ च्या आपल्या पंचांगात छापला आणि त्यावर पेटंट घेतले नाही. त्या काळी युरोपात वादळ आले की देवळांच्या घंटा वाजवीत. घंटानादाने वीज पांगते, ही समजूत होती. गावातील सर्वांत उंच मनोरा, त्यात लटकलेली ओली दोरी आणि ती धरून उभा असलेला माणूस! १७८४ साली म्युनिकमध्ये छापलेल्या एका पुस्तकात तेहतीस वर्षांचा हिशेब दिलेला आहे: ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजविणारे दगावले.

गज लावण्यास विरोधही झाला. बोस्टनमध्ये १७५५ चा भूकंप झाल्यावर एका धर्मोपदेशकाने त्याचा दोष गजांनी जमिनीत उतरविलेल्या विजेला दिला. फ्रान्समधील सेंतोमेर गावी एका वकिलाने घरावर गज बसविला, तर शेजाऱ्यांनी वीज आमच्यावर ओढवून घेतो म्हणून तक्रार केली आणि तो काढून टाकण्याचा हुकूम मिळविला. १७८३ मध्ये अपिलात एका तरुण वकिलाने विज्ञानाच्या बाजूने भाषण करून गज परत लावण्याची परवानगी मिळविली. तो वकील म्हणजे पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला रोबेस्पियर. 'शेजाऱ्यामुळे वीज आमच्यावर येते' ही तक्रार आम्ही वाचून दाखविली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "म्हणजे तो गज पायाळू होता." वर्गात आम्हांला ह्याहून चांगले वाक्य कोणी बोललेले आठवत नाही.

ढगात काय होते

गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरची गरम, ओलसर हवा वेगाने वर चढते तेव्हा, आणि पुन्हा पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरात, असे ढग दुपारनंतर उभे राहतात. खाली घामाच्या धारा असल्या तरी वर पाच-सहा किलोमीटरवर पाणी गोठते. तेथे बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड गोळे एकमेकांवर आपटतात. कंगवा आणि केस ह्यांची जागा येथे स्फटिक आणि गारा घेतात. बहुतेक वेळा स्फटिकांवर धनप्रभार राहतो व वर जाणारी हवा त्यांना ढगाच्या माथ्याकडे नेते. गारांवर ऋणप्रभार राहतो व त्या खालच्या-मधल्या भागात साठतात. त्या शंकेखोर मुलाचे उत्तर हेच. ढगातील घर्षण बर्फाचे आहे, प्रभार ज्यावरून निसटेल अशी ओली भिंत किंवा टेबल तेथे नाही, आणि जेवढा निसटतो त्यापेक्षा जास्त दर क्षणी नव्याने तयार होतो.

ढगाच्या बुडाशी साठलेला ऋणप्रभार खालच्या जमिनीवर धनप्रभार ओढून आणतो. झाडे, माणसे, मनोरे, सर्वांच्या माथ्यावर तो गोळा होतो. मग ढगातून एक अंधुक वाट खाली उतरू लागते. ती सरळ येत नाही. सुमारे पन्नास मीटरची उडी, क्षणभर विसावा, पुन्हा उडी, असे करीत येते. ती जमिनीपासून काही दशक मीटर उंचीवर पोचली, की खालच्या उंच वस्तूंमधून तिला भेटण्यास छोट्या वाटा वर निघतात. ज्या वस्तूची वाट आधी भिडली, तीवर वीज पडली. भेट होताच सरासरी ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि डोळे दिपविणारा लखलखाट होतो. त्या बोटभर जाडीच्या वाटेतील हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. ती एकदम फुगते, त्याचा आवाज म्हणजे गडगडाट. एकाच वाटेने तीन-चार प्रवाह पाठोपाठ येतात, म्हणून वीज थरथरताना दिसते.

मुख्य मुद्दा असा, की खाली उतरणाऱ्या विजेला शेवटच्या काही दशक मीटरपर्यंत जमिनीवर काय आहे हे 'माहीत' नसते. त्यानंतर कौल लावते ती उंची, आकार आणि जागा. कोण कसे जन्मले ह्याची नोंद बाभळीकडेही नसते आणि ढगाकडेही नसते.

तडितरक्षक आणि कापलेली पट्टी

इमारतींवरील गजाला शालेय पुस्तकांत तडितरक्षक म्हणतात. काही मार्गदर्शकांत असे लिहिलेले असते, की तो ढगातील वीज शोषून घेऊन वीज पडूच देत नाही. फ्रँकलिन ह्यांनाही आरंभी तशी आशा होती. टोकातून प्रभार निसटतो हे खरे, पण ढगाच्या मानाने ते नदीतून चमच्याने पाणी काढण्यासारखे आहे. गजाचे खरे काम निराळे आहे. वीज पडणारच असेल तर तिने आपल्यावर पडावे, आणि भिंतीतून, तुळईतून, माणसातून न जाता ठरलेल्या वाटेने जमिनीत जावे, एवढेच तो करतो. व्हेनिसच्या प्रसिद्ध घंटाघराला शतकानुशतके विजेने वारंवार तडाखे दिले होते. पुढे त्यावर गज बसविला गेला आणि विजेने होणारे नुकसान थांबले. १९०२ साली तो मनोरा कोसळला खरा, पण बांधकामाच्या दोषाने.

तडितरक्षकाचे भाग तीन: माथ्यावरचा गज, भिंतीवरून उतरणारी तांब्याची किंवा जस्त चढविलेल्या लोखंडाची पट्टी आणि जमिनीत पुरलेली पत्रा अथवा नळी. लोकांना दिसतो तो पहिला भाग. जीव वाचवितात शेवटचे दोन. जमिनीतील जोडणीचा रोध दहा ओहमपेक्षा जास्त नसावा, असा आपल्याकडील जुना दंडक आहे. दहा तरी का, हे गुणाकाराने कळते. ३०,००० अँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे क्षणभर ३ लाख व्होल्ट. रोध शंभर असेल तर ३० लाख. मग वीज पट्टी सोडून जवळच्या नळाकडे किंवा लोखंडी कठड्याकडे उडी मारते. ह्याचसाठी जवळपासचे धातू पट्टीला जोडून घ्यावे लागतात.

आम्ही मुलांना घेऊन तालुक्याच्या ठिकाणी एका दुमजली शाळेची इमारत पाहण्यास गेलो होतो. गच्चीवर पाच टोकांचा चकचकीत गज होता. पट्टी शोधीत खाली आलो, तर ती पहिल्या मजल्याच्या खिडकीशी संपलेली! रंगकामाच्या वेळी अडचण होते म्हणून कापली आणि पुन्हा जोडली नाही, असे तेथील शिपायाने सांगितले. किती वर्षांपूर्वी, ते त्यालाही आठवेना. असा गज नसलेला बरा. तो विजेला बोलावतो आणि खिडकीशी आणून सोडतो. रिखमान ह्यांच्या खोलीत दुसरे काय घडले होते? आम्ही कार्यालयात लेखी कळविले, दोन वेळा जाऊन आठवण दिली, तेव्हा महिन्याभराने पट्टी जोडली गेली.

आणखी एक गैरसमज येथेच सांगितला पाहिजे. गावात एक गज उभा केला, की सगळे गाव वाचले असे समजू नये. गजाची जेवढी उंची, साधारण तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळातील जमिनीला आसरा मिळतो, हा जुना ढोबळ नियम. दहा मीटरच्या खांबाखाली दहा मीटर. शिवारापर्यंत तो पोचत नाही. आणि आपल्या देशात विजेने मरतात ते बहुतांशी शिवारात. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली भारतात २,८०० हून अधिक माणसे वीज पडून गेली. निंदणाऱ्या-सोंगणाऱ्या बाया, गुराखी, मेंढपाळ, मोटारपंप सुरू करण्यास गेलेले शेतकरी. ज्यांच्या डोक्यावर काँक्रीटचे छत नाही, त्यांच्यापर्यंत फ्रँकलिनचा गज पावणेतीनशे वर्षांत पोचला नाही. तेथे माहितीच पोचवावी लागते.

झाडाखाली काय घडले

तर ती बाभूळ. वीज झाडावर पडली की खोडातून उतरते, पण लाकूड काही चांगले वाहक नाही. दोन हातांवर मिठाच्या पाण्याने भरलेले माणूस उभे असेल तर वीज खोड सोडून त्याच्याकडे झेप घेते. मावशी खोडाला टेकून होती. बाकीच्यांना बसले ते झटके जमिनीतून आले. प्रवाह मुळाशी उतरल्यावर चहूकडे पसरतो व दूर जाताना क्षीण होतो, त्यामुळे जमिनीच्या दोन बिंदूंमध्ये व्होल्टचा फरक पडतो. ३०,००० अँपिअर आणि साधारण ओलसर माती धरून आम्ही फळ्यावर हिशेब केला. झाडापासून दहा मीटरवर, झाडाच्या दिशेने अर्धा मीटर अंतर ठेवून टाकलेल्या दोन पावलांमध्ये सुमारे २,३०० व्होल्ट येतात. त्याच जागी झाडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते. तिला सुमारे ६,२०० व्होल्ट बसतात, आणि तो प्रवाह तिच्या हृदयावरून जातो. एका विजेत गोठ्याबाहेरची सगळी गुरे का पडतात, ते ह्यावरून समजते.

पायाळू बाई वाचली ती झाडाखाली नव्हती म्हणून. दुसरा हिशेबही मुलांनीच केला. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी तीन-चार बाळांचे डोके वर आणि पाय किंवा बूड खाली असते. गावात अशा बहुतेकांना पायाळूच म्हणतात. म्हणजे तीस बायांच्या टोळीत सरासरी एक पायाळू असतेच. वीज कोणत्याही टोळीजवळ पडो, शोधले की जवळपास एखादी सापडणारच. ज्या हजारो टोळ्यांत पायाळू बाई होती आणि वीज पडली नाही, त्यांची मोजदाद कोणी करीत नाही.

मुलीने गावी सांगण्यासाठी एक कागद तयार केला. तिच्या परवानगीने त्यातील मजकूर येथे देतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तिनाने भागले की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडा. पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या मोटारगाडीत जा. गाडीचे टायर नव्हे, तिची धातूची टपरी वाचविते. शेतातली पत्र्याची झोपडी किंवा मांडव हा आसरा नव्हे. एकटे झाड टाळा, विहिरीचा कठडा, तारेचे कुंपण, ट्रॅक्टर सोडा. काहीच जवळ नसेल तर सखल जागी पावले जुळवून उकिडवे बसा. आडवे झोपू नका, आणि घोळका न करता एकमेकींपासून बरेच अंतर ठेवा. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास किंवा नाडी बंद असेल तर छातीवर जोराने, वेगाने दाब देत राहा आणि १०८ ला फोन करा. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरतात. त्यात वाचण्याची मोलाची मिनिटे जातात. मृत्यू झालाच तर तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या, त्याशिवाय शासनाची मदत मिळत नाही. घरात कोणाजवळ मोबाइल असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप ठेवा. जवळपास कोठे वीज पडत आहे ते त्यात दिसते.

मुलगी दिवाळीत गावी जाऊन आली. मावशीच्या घरी तिने कंगवा-कागदाचा प्रयोग करून दाखविला. थंडी पडू लागली होती, त्यामुळे तो फसला नाही. म्हाताऱ्या बायांनी ऐकून घेतले. पटले की नाही, ते तिला कळले नाही. २०२४ च्या सोंगणीला त्या बाईला टोळीत बोलावणे आले, असे तिने आम्हांला सांगितले. ढग आले की मात्र बाया अजून तिच्यापासून लांब लांब बसतात. पण आता बाभळीखाली कोणी जात नाही, आणि ती बाईही जात नाही.